किल्ली, कुलूप आणि बोरघाट

यंत्रांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा त्यांच्या जन्माच्या तारखा नोंदवतो. यंत्र बिघडल्यावर ते कोणी आणि कोणत्या युक्तीने दुरुस्त केले, याची नोंद मात्र क्वचितच राहते. बोरघाटाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. 1830 मध्ये माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला, 1863 मध्ये रेल्वे घाट चढली आणि 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. या तारखा पुस्तकांत सापडतात. घाटाची वाट दाखवणारा शिंग्रोबा धनगर मात्र सापडतो तो दंतकथेत आणि रस्त्याकडेच्या देवळात. हातांना ठाऊक असलेले ज्ञान दप्तरात शिरत नाही, हे सांगणारे याहून बोलके उदाहरण मावळात तरी दुसरे नसावे.

हा विचार मनात आला तो एका क्षुल्लक प्रसंगाने. भर पावसाळ्यात लोणावळ्याच्या एका उतारावर, पुढचे चाक दगडाला टेकवून उभ्या केलेल्या जुन्या व्हॅनची किल्ली दुसऱ्या दिवशी फिरेना. स्टिअरिंगही जागचे हलेना. मी जोर लावला, आणि किल्ली वाकण्याची लक्षणे दिसू लागली. बोलावलेल्या वयस्कर मेस्त्रींनी आधी माझा हात बाजूला केला. ‘‘कुलूप बिघडलेलं नाही, साहेब. ताणलंय,’’ एवढेच ते म्हणाले.

त्यांच्या निदानामागचे यंत्रशास्त्र साधे आहे. किल्ली काढून घेतल्यावर स्प्रिंगच्या दाबाने एक पोलादी खिट्टी स्टिअरिंगच्या दांड्यावरील खाचेत शिरते. दगडाला टेकलेल्या टायरचा पीळ दांड्यावर येतो, दांडा खिट्टीला खाचेच्या भिंतीशी दाबून धरतो, आणि मग किल्लीचे बळ तिला मागे ओढण्यास अपुरे पडते. स्टिअरिंग दोन्हीकडे अलगद ढकलून पाहावे. एका बाजूला ते ठणकन अडते. दुसऱ्या बाजूला टायरचा किंचित लवचीकपणा हाताला जाणवतो. त्या दुसऱ्या बाजूला ते दाबून धरावे आणि त्याच वेळी किल्ली हलकेच फिरवावी. मेस्त्रींनी तेच केले. कुलूप उघडले.

परंतु ते तेथे थांबले नाहीत. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि कुलपाच्या आतील पितळी पात्या व बारीक स्प्रिंगा त्या दमटपणात मळ धरतात. तेल ओतले तर तात्पुरते बरे वाटते, पण पुढे त्याच तेलात धूळ बसून चिखल होतो. म्हणून त्यांनी ग्राफाइटची कोरडी पूड वापरली. मग कुलूप उघडे ठेवून स्टिअरिंग पूर्ण दोन्हीकडे फिरवून पाहिले. ते तेव्हाही जड लागले असते, तर दोष कुलपात नसून खालच्या गंजलेल्या सांध्यात किंवा सुकलेल्या बुशमध्ये असता, आणि तशी गाडी घाटात नेऊ नये, असे त्यांनी बजावले.

शेवटी त्यांनी किल्ली पाहिली. ती नकलेची नक्कल होती. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी घासली की मूळची झीज नव्या किल्लीत उतरते, आणि घासणाऱ्याच्या कानशीची चूक तिच्यात भर घालते. पोथ्यांच्या परंपरेशी परिचित वाचकास हे नवे नाही. नकलाकारांच्या हातून ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. किल्लीचीही शुद्ध प्रत मूळ क्रमांकावरून किंवा कुलपातील पात्यांवरूनच काढावी लागते. हाती असलेल्या झिजक्या प्रतीवरून नव्हे.

या कुलपाचा स्वतःचा इतिहास चोरीच्या भयातून घडला आहे. पश्चिम जर्मनीने 1960 च्या दशकाच्या आरंभी स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1969 च्या मॉडेलांपासून किल्लीचे कुलूप डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर आणले. 1970 पासून तेथील चोरीविरोधी नियमही लागू झाले. चालकाच्या हातातील दिशा आणि गाडीची मालकी अशा रीतीने एका किल्लीत बांधली गेली. त्या बंधनाची दुसरी बाजू 2014 मध्ये जगासमोर आली. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील काही मोटारींत किल्ली अति सहज फिरे. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग निकामी होई आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. 124 मृत्यूंची भरपाई कंपनीच्या निधीतून मान्य झाली. मावळातील तळेगावातही या कंपनीचा कारखाना 2008 ते 2020 या काळात चालला. सदोष मोटारी मात्र तेथल्या नव्हत्या.

न फिरणारी किल्ली गाडीला दारात अडकवून ठेवते. नको तेव्हा फिरणारी किल्ली जीव घेऊ शकते. म्हणूनच उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची जुनी सवय घातक आहे. इंजिनासोबत ब्रेकला मिळणारे साहाय्य जाते, आणि किल्ली बाहेर निघाली तर वळणावर स्टिअरिंगच कुलूपबंद होऊ शकते. जाम झालेले कुलूप फोडून तारा थेट जोडण्याचा सोपा मार्ग मेस्त्रींनी नाकारला, त्याचे कारणही त्यांनी हेच दिले. अर्धवट फोडलेली खिट्टी कधी खाली पडेल याचा नेम नसतो, आणि ती पडेल ती घाटातच, असे ते म्हणाले.

त्यांनी मजुरी घेतली ती फार थोडी. त्यांचे ज्ञान कोणत्याही पुस्तिकेत नव्हते. ते त्यांच्या उस्तादाकडून आले होते, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारे आता कोणी उरलेले नाही. इथे मात्र झिजलेली प्रतसुद्धा मागे राहणार नाही. घाटाचा इतिहास आपण लिहितो तो रस्ता बांधणाऱ्यांचा. त्या रस्त्यावरून गाड्या सुखरूप उतरवणाऱ्यांचाही तो लिहिला जायला हवा, आणि शक्य तर दंतकथा होण्याआधी.