पाऊस डोंगरात, पूर नरसिंहपुरात: पावसाच्या जुन्या नोंदी वाचताना

पावसाळ्यात पुणे-सोलापूर भागातल्या बातम्या नीट ऐकल्यात तर दरवर्षी एक वाक्य कानावर येतं. उजनीतून इतका विसर्ग, वीरमधून इतका, आणि नीरा नरसिंहपूरच्या संगमावर इतका. पंढरपूरकरांचं लक्ष असतं ते या तिसऱ्या आकड्याकडे. भीमा आणि नीरा इंदापूर तालुक्याच्या टोकाला, नरसिंहपूरला एकत्र येतात आणि पुढे तेच पाणी चंद्रभागा म्हणून पंढरपुरात पोचतं.

आता गंमत बघा. ज्या दिवशी संगमाच्या घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, त्या दिवशी नरसिंहपुरात कदाचित थेंबही पडलेला नसतो. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाची सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तीही बेभरवशाची. म्हणून 'नरसिंहपूरच्या पावसाचा इतिहास' असा विषय कुणी घेतला, तर माझा पहिला प्रश्न असेल: कुठल्या पावसाचा? इथे पडलेल्या, की इथे वाहून आलेल्या?

आधी नकाशा

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० ते ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पाचगणी जेमतेम १९ किलोमीटर, पण तिथला पाऊस साधारण एक तृतीयांश. आणखी खाली वाईला उतरलात की तो हजाराच्याही आत येतो.

इथे एक चूक सहज होते. महाबळेश्वरचं पाणी नरसिंहपूरला येत नाही! ते कृष्णा-कोयनेचं, किंवा पश्चिमेला सावित्रीचं. नीरा उगम पावते भोरच्या डोंगरात, भीमा भीमाशंकरच्या जंगलात. महाबळेश्वरचा पाऊस आणि नरसिंहपूरचा पूर यांची भेट होते ती थेट कर्नाटकात, रायचूरजवळ भीमा कृष्णेला मिळते तिथे. पावसावर लिहिताना पाणलोट क्षेत्राची रेषा आधी काढा, हा पहिला धडा.

मग महाबळेश्वरचा विषय काढलाच कशाला? कारण सह्याद्रीतल्या पावसाच्या जुन्या मोजमापांचा माग काढायला लागलात की तुम्ही लवकरच तिथे पोचता.

सुट्टीचं ठिकाण आणि पर्जन्यमापक

१८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वरची जागा मिळवली. हेतू काय, तर गोऱ्या अधिकाऱ्यांना आणि सैनिकांना हवापालट. हवा आरोग्याला मानवते का, हे ठरवायचं म्हणजे तापमान, वारा, पाऊस मोजणं आलंच. याच काळात कर्नल साइक्स दख्खनच्या हवामानाच्या नोंदी घेत होता. त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात १८३५ मध्ये छापून आला.

पण गोम अशी की हे साहेब लोक पावसाळ्यात महाबळेश्वरला थांबत नसत. हंगाम एप्रिल-मेचा, आणि पुन्हा ऑक्टोबरचा. जूनमध्ये बंगल्यांना गवताची ताटं बांधून मंडळी खाली उतरायची. मुंबई सरकारचा पावसाळी मुक्काम पुण्याला असे. म्हणजे पावसाच्या ज्या आकड्यांसाठी ठिकाण प्रसिद्ध झालं, त्या दिवसांत तिथे मागे उरणार ते नोकरीला बांधलेले आणि तिथलेच रहिवासी. आज लोक मुद्दाम धुकं आणि धबधबे बघायला जातात, त्यामुळे हे चटकन लक्षात येत नाही. तक्त्यात आकडा दिसतो; भर पावसात छत्री सांभाळत तो कुणी मोजला, हे क्वचितच दिसतं.

बाटली भरली तर?

विज्ञान शाखेतून आल्यामुळे मला सुरुवातीला तक्ता म्हणजे डेटा वाटायचा. पहिल्या प्रयत्नात मी रिकाम्या रकान्यांत सरळ शून्य भरून मोकळा झालो. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "जुलैत तिथे शून्य?" दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

दुसरी अडचण उलट टोकाची. समजा पर्जन्यमापकाच्या तोंडाचं क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर आहे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यात २० मिलिलिटर पाणी. आतली बाटली ४ लिटरची असेल तर ती २०० मिलिमीटरला भरते. महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात २०० च्या वर जाणं काही नवलाचं नाही. मध्ये कुणी बाटली रिकामी केली नाही, तर उरलेला पाऊस नोंदीतून गळाला! म्हणून एखादा मोठा आकडा तोच तोच दिसत असेल तर तो पाऊस आहे की बाटलीची मर्यादा, हे तपासा. त्यात जुने आकडे इंचांत. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, त्यामुळे मालिका जोडताना २५.४ ने गुणायचं विसरू नका.

त्याच वर्षांत इंदापूर

डोंगरात पाऊस मोजला जात होता तेव्हा खाली इंदापुरात सरकार जमीन मोजत होतं. प्रिंगलची १८३० ची आकारणी फसली. दर झेपेनात, शेतकरी जमिनी सोडून जाऊ लागले. १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातच नवी पाहणी सुरू केली आणि दर कमी करून ३० वर्षांसाठी ठरवले. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत रुळली. गावांचे गट पाडताना हवामान आणि बाजारपेठ विचारात घेतली जाई. म्हणजे पाऊस इथे शेतसाऱ्याच्या दरात शिरला.

३० वर्षं संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणी होऊन दर वाढले. मधल्या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आणि एकूणच मालाला चढे भाव मिळाले होते. आणि मग १८७६ ला पाऊस दगा देऊन गेला. चांगल्या वर्षांकडे बघून ठरवलेला दर वाईट वर्षी भरायचा होता. सरासरी कुठल्या वर्षांची, हा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही.

त्या दुष्काळात काम सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यातून १८८५ च्या सुमारास पाणी वाहू लागलं. भोरच्या डोंगरातला पाऊस भाटघरला अडवून बारामती-इंदापूरच्या रानात आणला गेला. तेव्हापासून इथल्या पिकाचा पाऊस आणि इथे पडणारा पाऊस या दोन गोष्टी झाल्या. आज या भागातला ऊस बघून इथलं पर्जन्यमान ओळखायला गेलात तर फसाल.

तुमच्या वहीसाठी

महसुली कागदांत पाऊस शोधताना 'सूट' आणि 'तहकुबी' हे शब्द बघा. सारा वसूल झाला नाही की दफ्तर पावसाबद्दल बोलतं. चांगल्या वर्षी ते गप्प असतं. म्हणून नुसत्या या कागदांवरून इतिहास लिहिलात तर दुष्काळच दुष्काळ दिसेल. पर्यटकांच्या लेखनात याच्या उलट: पाऊस म्हणजे हिरवळ आणि धुकं.

दोन्ही शेजारी ठेवा. आणि जमलं तर एकदा श्रावणात नरसिंहपूरला जाऊन या. वर आभाळ कोरडं आणि समोर दोन नद्या तुडुंब, असा दिवस मिळाला तर घाटावर उभं राहून एवढंच ठरवा, की हे पाणी तुमच्या तक्त्यातल्या कुठल्या ठाण्यावर मोजलं गेलं असेल. तिथून काम सुरू करता येईल.