घोडा कोणाचा, खर्च कोणाचा?

मंडळी, एक सोपा प्रश्न. कंपनीने लॅपटॉप दिलेला बरा, की जास्त पगार देऊन "लॅपटॉप तुमचा तुम्ही आणा" म्हटलेलं बरं? आपल्याकडे हा वाद साडेतीनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. फक्त तेव्हा लॅपटॉपच्या जागी घोडा होता.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. घोडा सरकारी पागेतला. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. साहजिकच शिलेदाराचा तनखा जास्त, कारण घोड्याचा दाणावैरणही त्यातूनच.

आता जरा हिशोब करू. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ मध्ये जिंजीला लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांची एक हजारी. शिवाय दर २५ घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. म्हणजे एका हजारीत १२५० घोडे, ५० नालबंद, ५० पखालजी! जुमलेदाराला ५०० होन आणि हजारीला १००० होन धरले, तर नुसत्या या अकरा माणसांवर ६००० होन. वर पावसाळ्याचे चार महिने छावणीत दाणागोटा, औषधपाणी सगळं सरकारी.

कागदावर शिलेदार केव्हाही स्वस्त. ना पागा बांधायची, ना घोडा विकत घ्यायचा. तरी महाराजांचा भर पागेवर, आणि शिलेदारही पागेच्या ताब्यात. का बरं?

कारण खरी किंमत वहीत दिसत नाही. शिलेदाराचा घोडा मेला, की त्याचं भांडवलच गेलं. मग ऐन लढाईत त्याचं अर्धं लक्ष शत्रूकडे आणि अर्धं घोड्याकडे राहिलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? पोटाचा प्रश्न आहे हो! शिवाय ज्याचा घोडा त्याची मर्जी. उद्या दुसरीकडे जास्त तनखा मिळाला तर तो चालला. बारगिराला घोड्यासकट निघून जायची सोय नव्हती.

गंमत म्हणजे इंग्रजांनी हाच शिलेदार उचलला आणि त्याला 'सिल्लदार' पद्धत म्हटलं. स्वाराने घोडा आणायचा किंवा रेजिमेंटकडे रक्कम भरायची. सरकारकडून मुख्यतः बंदूक आणि दारूगोळा. मेलेल्या घोड्यांच्या भरपाईसाठी स्वारांच्याच वर्गणीचा चंदा फंड. शांततेच्या काळात ही व्यवस्था झकास चालली. पण १९१४ चं महायुद्ध आलं, घोडे आणि माणसं भराभर कमी होऊ लागली, आणि रेजिमेंटच्या घरगुती हिशोबाला ते झेपेना. शेवटी १९२१ च्या सुमारास ही पद्धत मोडीत निघाली.

थोडक्यात काय, शिलेदारीत खर्च कमी होत नाही, तो फक्त स्वाराच्या खिशात सरकतो. आणि जोखीमही त्याच्याबरोबर सरकते. बरे दिवस असेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही इतकंच. आज स्वतःची बाईक आणि स्वतःचं पेट्रोल घालून आपल्या दारात जेवण पोचवणारा पोरगा बघा. घोडा बदललाय, शिलेदार तोच आहे. त्याची बाईक रस्त्यात बंद पडली, तर चंदा फंडसुद्धा नाही.