कंट्रीच्या मंचावरचे म्हातारे

अमेरिकेच्या कंट्री संगीतातला नव्वदीचा कलाकार मंचावर येतो, खुर्चीवर बसून गिटार मांडीवर घेतो आणि सारे सभागृह उठून उभे राहते. पाहणाऱ्याला वाटते, सरत्या काळाला दिलेला हा निरोप आहे. पण या परंपरेचा धागा धरून आपण शंभर वर्षे मागे गेलो, तर तिच्या उगमाशीही म्हातारीच माणसे बसलेली दिसतात.

1922 च्या जूनमध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडला गृहयुद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सैनिकांचा मेळावा भरला होता. तो आटोपून दोन फिडलवादक, म्हणजे लोकधाटणीने व्हायोलिन वाजवणारे, न्यूयॉर्कला तबकड्या काढणाऱ्या व्हिक्टर कंपनीच्या दारात जाऊन उभे राहिले. एक टेक्सासचा अलेक्झांडर रॉबर्टसन, आणि दुसरे त्या युद्धात स्वतः लढलेले, सत्तरी ओलांडलेले हेन्री गिलिलंड. 30 जूनला दोघांचे वादन ध्वनिमुद्रित झाले. कंट्रीच्या व्यावसायिक तबकड्यांची सुरुवात साधारणपणे येथूनच मानतात. पुढच्याच जानेवारीत टेक्सासमधल्या फोर्टवर्थच्या डब्ल्यूबीएपी या रेडिओ केंद्राने दीड तास ग्रामीण नाचाचे संगीत ऐकवले. त्याचे सूत्रधार होते कॅप्टन बॉनर, तेही त्याच युद्धातले जुने सैनिक आणि फिडलवादक. आज हे नाव कोणाच्या ओठावर नाही. वास्तविक शनिवारच्या रात्री घरोघर ऐकल्या जाणाऱ्या साऱ्या ‘बार्न डान्स’ कार्यक्रमांचे ते पूर्वज.

तिथून आपण नॅशव्हिलला येऊ. एका विमा कंपनीने काढलेले डब्ल्यूएसएम केंद्र 1925 च्या ऑक्टोबरात सुरू झाले. शिकागोहून आलेल्या तिशीतल्या जॉर्ज हे यांनी 28 नोव्हेंबरच्या रात्री माइकसमोर बसवले ते सत्त्याहत्तर वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसन यांना. पियानोवर त्यांची पुतणी होती. तास उलटून गेला तरी म्हातारबुवांची थांबायची तयारी नव्हती. आपल्याला हजार चाली येतात, असा त्यांचा दावा होता. त्या रात्रीतून जो कार्यक्रम उभा राहिला, त्याला 1927 मध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ हे नाव मिळाले. त्या काळी म्हातारेच का? मला कारण सरळ दिसते. तबकडी येण्यापूर्वी या चाली कागदावर फारशा उतरल्याच नव्हत्या, त्या माणसांच्या बोटांत होत्या, आणि ती बोटे म्हातारी झाली होती. शिवाय मोटारी आणि जॅझ यांच्या लोंढ्यात जुने खेडे हरवत असल्याची हुरहूर शहरात आलेल्यांना लागली होती. गंमत अशी की, त्या मोटारी बनवणारे हेन्री फोर्डच वृद्ध फिडलवादकांना सर्वांत उत्साहाने आश्रय देत होते.

घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या रेडिओत थॉम्पसन फार काळ रमले नाहीत. त्यांची जागा घेतली अंकल डेव्ह मेकन यांनी. खेचरांच्या गाड्यांतून मालवाहतूक करणारा हा माणूस ट्रकने धंदा बुडवल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, बँजो घेऊन व्यावसायिक कलाकार झाला आणि 1952 मध्ये मृत्यू येईपर्यंत ऑप्रीत वाजवत राहिला. सगळ्याच कलावंतांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. डीफोर्ड बेली हे ऑप्रीचे पहिले कृष्णवर्णीय तारे. त्यांच्या हार्मोनिकातून आगगाडी धावताना ऐकू येई. 1941 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले आणि पुढची कित्येक वर्षे त्यांनी नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिशचे दुकान चालवले. 1974 मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, ते पाहुणे म्हणून त्या मंचावर पुन्हा उभे राहिले. कंट्री संगीताच्या ‘हॉल ऑफ फेम’चा मान मिळाला तो 2005 मध्ये, निधनानंतर तेवीस वर्षांनी. ऑप्रीच्या इतिहासातला हा डाग आहे आणि तो डाग म्हणूनच सांगितला पाहिजे.

ऑप्री 1943 पासून रायमन सभागृहात होत असे. 1892 मध्ये धार्मिक प्रवचनांसाठी बांधलेल्या या इमारतीत प्रेक्षक चर्चमधल्यासारख्या लाकडी बाकांवर दाटीवाटीने बसत. 1974 च्या मार्चमध्ये ऑप्री नव्या इमारतीत गेली, तेव्हा रायमनच्या मंचाचा सहा फूट व्यासाचा गोल तुकडा कापून नव्या मंचाच्या मध्यभागी बसवला गेला. 2010 च्या मे महिन्यातल्या महापुरात तो पाण्याखाली बुडाला. वाळवून, दुरुस्त करून तो पुन्हा जागेवर बसवला गेला आणि सप्टेंबरात त्यावर सर्वप्रथम उभे राहिलेल्या दोघांपैकी एक होते एकोणनव्वद वर्षांचे लिटल जिमी डिकन्स.

नॅशव्हिलबाहेर हीच परंपरा वेगळ्या अंगाने वाढली. 1933 मध्ये टेक्सासच्या अ‍ॅबटमध्ये जन्मलेले विली नेल्सन 1964 मध्ये ऑप्रीचे सदस्य झाले, पण तिथल्या चाकोरीत मावले नाहीत. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी टेक्सास गाठले आणि ऑस्टिनमध्ये हिप्पी व काउबॉय यांना एकाच सभागृहात आणून बसवले. 1969 मध्ये घेतलेली मार्टिन कंपनीची नायलॉन तारांची गिटार अजून त्यांच्या हातात आहे. तिचे नाव ‘ट्रिगर’. अशा गिटारी बोटांनी छेडायच्या असतात, म्हणून त्यांच्यावर संरक्षक पट्टी नसते. विली नखीने वाजवतात. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने मूळच्या गोल छिद्राशेजारी लाकूड झिजून दुसरे भोक पडले आहे आणि पृष्ठभागावर मित्रांच्या सह्या कोरलेल्या आहेत. ऑस्टिनचा एक कारागीर तिची डागडुजी करत आला आहे. विलींचा आवाज आता पातळ झाला आहे, तरी तालाच्या किंचित पुढेमागे शब्द टाकण्याची त्यांची जुनी लकब तशीच आहे. ती तबकडीवर ऐकता येते. मात्र वादकांकडे पाहत ते त्या त्या क्षणी ती कशी घडवतात, हे समोर बसूनच कळते.

अटलांटा, डॅलस, ऑस्टिन येथे आज मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि आपल्याकडून आईवडील तिथे महिनोन्‌महिने जाऊन राहतात. त्यांनी एक संध्याकाळ एखाद्या वयोवृद्ध कंट्री कलाकाराच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवावी. तिकीट लवकर काढावे आणि शक्यतो पुढच्या रांगेतले, बोटे दिसतील असे घ्यावे.