बातम्या सांगणारा पहिला चेहरा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग पेण मागे टाकून वडखळला पोहोचला की एक फाटा उजवीकडे अलिबागच्या दिशेने वळतो. या नाक्यावर गाड्या थांबतात, माणसे उतरतात, चढतात आणि त्यांच्याबरोबर वार्ताही ये-जा करतात. एकेकाळी मुंबईचे वर्तमानपत्रही असेच गाडीबरोबर यावयाचे. पुढे बातमीने रस्ता सोडला आणि ती आकाशमार्गे येऊ लागली. कौलांवर उंच बांबू उभे राहिले, त्यांच्या टोकांना मुंबईकडे तोंड केलेल्या अँटेना लागल्या. ज्या घरी संच, त्या घरी सायंकाळी शेजारपाजार जमू लागला. संचासाठी पोस्टात परवाना शुल्क भरावे लागे, हेही आज अनेकांना ठाऊक नसेल.

त्या काळी आपल्या घरांत बातमी घेऊन येणारे जे चेहरे होते त्यांपैकी एकाविषयी आम्ही आज लिहीत आहोत. स्मिता पाटील हे नाव उच्चारताच वाचकांच्या डोळ्यांपुढे चित्रपट येतात. परंतु मराठी माणसाला त्यांची पहिली ओळख झाली ती बातम्या सांगणारी मुलगी म्हणून. त्यांच्या चरित्राचे हे पहिले पान फार घाईने उलटले जाते, असे आम्हांस वाटते.

भारतात दूरचित्रवाणीचा आरंभ १९५९ साली दिल्लीत झाला. मुंबई केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. तेव्हा दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचाच एक विभाग होता. १९७६ साली तो वेगळा झाला. चित्र कृष्णधवल, कार्यक्रमांचा वेळ मोजका आणि वाहिनी एकच. त्यामुळे मुंबई केंद्रावरून मराठी बातम्या वाचणारी व्यक्ती साऱ्या प्रेक्षकांची सामाईक परिचित होऊन जाई. भक्ती बर्वे यांच्यासारख्या गुणी अभिनेत्रीनेही या केंद्रावर बातम्या वाचल्या. पुढे प्रदीप भिडे यांनी हेच काम आयुष्यभराचे व्रत मानले. ७ जून २०२२ रोजी ते निवर्तले, तेव्हा अनेक घरांत आपल्याच माणसाच्या जाण्याची हळहळ व्यक्त झाली.

स्मिताताईंचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील शिरपूरचे, राजकारणात वावरणारे; आई विद्याताई परिचारिका. घरात समाजवादी विचारांचे वातावरण होते आणि मुलीवर राष्ट्र सेवा दलाचे संस्कार झाले. सेवा दलाच्या कलापथकात गाणे, नाचणे, लोकांपुढे निःसंकोच उभे राहणे हे सारे त्या शिकल्या. ज्या काळात मुलीने चारचौघांत मोठ्याने बोलू नये असेच अनेक घरांत सांगितले जात होते, त्या काळातील ही शिदोरी होती.

त्या दूरदर्शनवर आल्या त्याची हकिगत मोठी साधी आहे. बातम्या वाचणाऱ्या एका मैत्रिणीच्या पतीने त्यांची छायाचित्रे काढली होती. ती केंद्राच्या संचालकांच्या दृष्टीस पडली, त्यांनी या मुलीला चाचणीसाठी बोलावून घेतले आणि निवड झाली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. तेव्हा त्यांनी वयाची विशीही ओलांडली नव्हती. अंगावर जीन्स घालून स्टुडिओत यावे, बातम्यांची वेळ झाली की त्यावरच हातमागाची साडी नेसावी आणि कॅमेऱ्यापुढे बसावे, ही त्यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. कॅमेरा कमरेच्या वरचेच दाखवी. प्रेक्षकांना दिसे ती सावळी, मोठ्या डोळ्यांची, कपाळावर कुंकू लावलेली मराठी मुलगी. गोऱ्या रंगाचे वेड असलेल्या आपल्या समाजाने हा सावळा चेहरा दररोज पाहिला आणि आपलासा केला, ही गोष्ट लहान मानू नये.

बातम्या वाचणे हे वरकरणी सोपे दिसते. हाती कागद असतो, त्यावरचे वाचावयाचे. परंतु ते शब्द वाचणाऱ्याचे नसतात. बातमी दुष्काळाची असो वा सन्मानसोहळ्याची, वाचणाऱ्याने रडावयाचे नाही की हुरळून जावयाचे नाही. कागदावरून नजर उचलून न दिसणाऱ्या माणसांकडे पाहावयाचे. उच्चार स्वच्छ आणि गती अशी ठेवावयाची की, शाळेचे तोंड न पाहिलेल्या आजीलाही अर्थ कळावा. शासकीय माध्यमात तर कागदावरचा एक शब्दही बदलण्याची मुभा नसे. या बंधनाची दुसरी बाजूही आम्ही लपवू इच्छित नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा सरकारने लिहून दिले तेवढेच या माध्यमातून लोकांपर्यंत पोहोचले. आवाज विश्वासाचा असला तरी शब्द कोणाचे आहेत, हे ऐकणाऱ्याने विचारलेच पाहिजे.

याच पडद्यावर दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी स्मिताताईंना पाहिले. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांनीही त्यांचे नाव सुचविले होते. त्यापूर्वी पुण्याच्या चित्रपट संस्थेतील अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात त्यांनी काम केले होते. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले, १९७६ मध्ये ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन ‘मंथन’ उभा केला. १९७७ च्या ‘भूमिका’ने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर तो आधारलेला होता. पुढे ‘चक्र’साठी हाच सन्मान पुन्हा लाभला आणि १९८५ मध्ये पद्मश्री.

आमच्या रायगडकरांच्या दृष्टीने १९७७ चा ‘जैत रे जैत’ विशेष जवळचा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरील जब्बार पटेल यांच्या या चित्रपटात त्या ठाकर समाजातील चिंधी झाल्या. पेण, पनवेल, कर्जतच्या डोंगरांत ठाकरांच्या वाड्या आहेत. पेणच्या बाजारात रानभाजी घेऊन बसणाऱ्या बायकांना आपण नित्य पाहतो, परंतु त्यांच्याकडे थांबून कितीजण पाहतात? पडद्यावरील चिंधीने आपल्याला थांबविले. १९८२ च्या ‘उंबरठा’मध्ये त्या महिला सुधारगृहाच्या अधीक्षिका झाल्या, घर आणि काम यांच्यामध्ये उभी असलेली ती स्त्री पाहून अनेक घरांत वाद झाले.

बातम्या वाचताना शिकलेले सारे आम्हांस या भूमिकांत दिसते. दुसऱ्याचे शब्द स्वतःला मध्ये न आणता बोलणे, आरडाओरड न करणे, समोरच्याच्या डोळ्याला डोळा देणे. फरक एवढाच की, पूर्वी त्यांचा आवाज शासनाचे शब्द पोहोचवीत होता; आता तो दुधवाली, झोपडपट्टीतील बाई, ठाकर स्त्री यांचे शब्द पोहोचवू लागला. ज्यांची बातमी क्वचितच होते अशा स्त्रियांना तो मिळाला.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी त्यांना पुत्र झाला. त्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, १३ डिसेंबर रोजी, बाळंतपणानंतरच्या आजाराने त्यांचे निधन झाले. वय केवळ एकतीस. मोठ्या शहरात, सर्व साधने हाताशी असतानाही बाळंतीण दगावू शकते, हे तेव्हा घराघरांतील आयाबायांनी ओळखले आणि पदर डोळ्यांना लावला. एकेकाळी इतरांच्या मृत्यूच्या वार्ता शांतपणे सांगणारी ही मुलगी स्वतःच बातमी झाली होती.

मे २०२४ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवात ‘मंथन’ची नव्याने सिद्ध केलेली प्रत दाखविण्यात आली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगलही गेले. आज वाहिन्या अगणित आहेत आणि पडद्यावर एकाच वेळी पाच-सहाजण भांडताना दिसतात. आम्ही जुन्या काळाचे गोडवे गाऊ इच्छित नाही. एकाच वाहिनीच्या काळात सत्य दडपणेही सोपे होते. तरीही घरात येणाऱ्या पाहुण्याने कसे बोलावे याची जी रीत आपण मुलांना शिकवितो, तीच पडद्यावरून येणाऱ्यालाही लागू असावी. वाचकांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना त्या कृष्णधवल सायंकाळींविषयी जरूर विचारावे. कदाचित त्यांना त्या दिवशीची बातमी आठवणार नाही; ती सांगणारी मुलगी मात्र आठवेल.