कालवडीचे रक्त आणि घोट्याची जखम

घोट्यावरची न भरणारी जखम म्हणजे खाडे आणि कापलेला पगार, हे आम्हां कामगारांस कोणी सांगावयास नको. अशा जखमांतील एका जातीचे पांढरे वण फ्रान्समध्ये मिलियन यांनी १९२९ साली वर्णिले. या रोगास आज लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपथी म्हणतात. पुष्कळ वर्षे डॉक्टरांनी तो रक्तवाहिन्यांचा दाह मानला. दोष निराळाच होता : त्वचेतल्या बारीक वाहिन्यांत रक्त गोठून वाट बुजत होती, आणि पलीकडची त्वचा उपाशी मरत होती.

गोठण रोखणारे एक औषध तर गोठ्यातूनच आले. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा शेतकरी एड कार्लसन मेलेली कालवड, कॅनभर न गोठलेले रक्त आणि बुरसलेला चारा घेऊन, हिमवादळातून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. तो चारा गुरांना घालू नका, याहून फारसे त्या दिवशी त्याला कोणी सांगू शकले नाही. पुढे त्याच शोधातून डिकूमारॉल आणि वॉरफरिन निघाले. वॉरफरिन तर १९४८ साली आधी उंदरांसाठी! माणसांस ते १९५४ पासून मिळू लागले.

या जखमांवर हेपॅरिन, वॉरफरिन देऊन पाहिले गेले. २०१६ साली जर्मनीतला रिव्हारॉक्सॅबानचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रोगी अवघे २५, पण बारा आठवड्यांत वेदना पुष्कळच उतरल्या. कालवड मेली ती रक्तस्रावाने. माणसालाही ते भय आहे, म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.