परळचे संशोधन वसईच्या दारी कधी?

वसई, (प्रतिनिधी) - कर्करोगावरील संशोधन म्हटले की कोट्यवधी रुपयांची प्रयोगशाळा, परदेशी कंपनी आणि सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे औषध असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात गेल्या दोन दशकांत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातून व बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून जे निष्कर्ष जगापुढे गेले, त्यांतील बहुतेकांची साधने अगदीच साधी होती. व्हिनेगरमध्ये असते तेच ॲसिड, प्रशिक्षित सेविकेची बोटे, दात काढण्यापूर्वी हिरडीत टोचले जाते ते बधिरीकरणाचे औषध आणि महागड्या औषधाची लहानशी मात्रा, एवढाच त्यांचा सरंजाम. या गोष्टी स्वस्त असल्याने त्यांचा प्रचार करण्यात कोणत्याही कंपनीचा फायदा नाही. साहजिकच त्या रुग्णांपर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी सार्वजनिक आरोग्य यंत्रणेवर येऊन पडते.

वसईकरांच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. चार नगरपालिका आणि आसपासची गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच १२ लाख २२ हजारांवर गेली होती. नालासोपाऱ्याच्या चाळी, वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहती, अर्नाळ्याचा कोळीवाडा आणि तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी पाडे अशी ही संमिश्र वस्ती आहे. १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा रुग्णालय पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर, दादर वा प्रभादेवीला उतरले की गाठता येते. अंतर फार नाही. मात्र रोजंदारीवरील स्त्रीला विरार लोकलच्या गर्दीतून परळला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. त्यामुळे दुखणे असह्य होईपर्यंत हा प्रवास पुढे ढकलला जातो.

नेमक्या याच अडचणीवर मात करता येईल काय, हे तपासण्यासाठी टाटा रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक प्रयोग हाती घेतला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पुढाकाराने झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. वीस वस्त्यांची चिठ्ठ्या टाकून करावी तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यात आली, तर दुसऱ्या गटाला कर्करोगाच्या लक्षणांविषयी माहिती देण्यात आली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन हे काम सोपविले होते.

गर्भाशयमुखाच्या तपासणीची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. ॲसेटिक ॲसिडचे ३ ते ५ टक्के तीव्रतेचे द्रावण कापसाच्या बोळ्याने गर्भाशयमुखावर लावले जाते. पेशींत कर्करोगपूर्व बदल झालेले असतील तर तो भाग मिनिटभरात पांढरा पडतो व नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही आणि अहवालासाठी दुसरी फेरीही घालावी लागत नाही. पाश्चात्त्य देशांत ज्या पॅप चाचणीने या रोगाला आळा घातला, तिला ही सारी यंत्रणा लागते. मुंबईतील प्रयोगाचे बारा वर्षांचे निष्कर्ष जून २०१३ मध्ये शिकागो येथील परिषदेत मांडले गेले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळून आले.

या अभ्यासावर टीकाही झाली आणि ती नजरेआड करण्यासारखी नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे तपासणी झाली नाही, त्यांची संमती कितपत समजून-उमजून घेतली होती, असे प्रश्न देश-विदेशातील वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी उपस्थित केले. त्या काळी देशात सर्वसामान्य स्त्रीला अशी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, असे उत्तर संशोधकांनी दिले. हे उत्तर खरे असले तरी पुरेसे आहे असे म्हणता येत नाही. उलट, इतकी किंमत मोजून हाती आलेले ज्ञान वापरलेच गेले नाही, तर तो दोष दुप्पट ठरेल.

याच दीड लाख स्त्रियांच्या स्तनांची तपासणीही सेविकांनी हातांनी केली होती. त्याचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के रुग्णांचा रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात उघडकीस आला. तपासणी झालेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना मात्र असा लाभ दिसला नाही आणि सर्व वयोगट एकत्र घेतले तर फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम उतरला नाही. मॅमोग्राफीची यंत्रे गावोगावी बसविणे शक्य नसलेल्या देशात या निष्कर्षाचे मोल मोठे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात केलेला अभ्यास मात्र वेगळे सांगतो. तेथे १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे चार गट करून तीन प्रकारच्या तपासण्यांची तुलना करण्यात आली. डॉ. आर. शंकरनारायणन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी केलेल्या गटात ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या, किंचित लहान गटात ६४. द्रावणाच्या तपासणीने तेथे मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. मुंबईत ही तपासणी दर दोन वर्षांनी झाली होती, मराठवाड्यात एकदाच, हा दोहोंतील एक ठळक फरक. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये विषाणूच्या चाचणीलाच पसंती दिली. तेव्हा व्हिनेगरची चाचणी हा अखेरचा शब्द नव्हे. पण जेथे काहीच नाही, तेथे ती पहिली पायरी निश्चितच आहे.

बार्शी आणि पुण्याचा संबंध आणखी एका, काहीशा योगायोगाने लागलेल्या शोधाशी आहे. एचपीव्ही लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशात या दोन ठिकाणांसह अनेक केंद्रांवर मुलींना लस देण्यास सुरुवात झाली. एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वाद उठल्याने एप्रिल २०१० मध्ये सरकारने या चाचण्याच थांबविल्या. परिणामी ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली होती. अभ्यास फसला, असे कोणालाही वाटले असते. संशोधकांनी मात्र या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनंतर एका मात्रेनेही मुख्य दोन विषाणूंच्या चिवट संसर्गापासून सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका मात्रेच्या पर्यायाला मान्यता दिली, त्यामागील पुराव्यांत या मुलींचा वाटा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या ‘सर्वाव्हॅक’ या लसीला त्याच वर्षी देशात मंजुरी मिळाली.

रोग झाल्यानंतरच्या उपचारांतही असेच साधे प्रयोग झाले. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठ हाताळली जाते आणि त्या वेळी काही पेशी निसटून शरीरात अन्यत्र रुजत असाव्यात, अशी शंका जुनी आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, निम्म्या स्त्रियांना शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती चहूबाजूंनी लिग्नोकेनचे सौम्य द्रावण टोचण्यात आले. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. शंभर स्त्रियांमागे तीन-चार अधिक जीव वाचले आणि तेही कोणत्याही शस्त्रक्रियागृहात सहज सापडणाऱ्या औषधाने. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा एकाच चाचणीचा निष्कर्ष असल्याने त्याकडे सावधपणे पाहणे योग्यच. मात्र खर्च व धोका इतका अल्प असताना शल्यचिकित्सकांनी त्याची दखल घ्यावी, हेही तितकेच योग्य.

तोंडाचा कर्करोग हे तर महाराष्ट्राचे जुने दुखणे. वसईच्या मळ्यांतील विड्याच्या पानाचा लौकिक मोठा आहे. ठपका त्या पानावर नव्हे, तर त्यात पडणाऱ्या सुपारी व तंबाखूवर आहे. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे कोणत्याही स्थानकाबाहेरच्या भिंतींकडे पाहिल्यास कळते. तोंड, डोके व मानेचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती जागविणारे ‘निवोलुमॅब’ हे औषध दिले जाते. त्याची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असून, ती परवडणारे रुग्ण थोडेच. टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व सहकाऱ्यांनी दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम औषध, तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी १६ टक्के, तर अल्प मात्राही मिळालेल्यांपैकी ४३ टक्के रुग्ण एक वर्षानंतर हयात होते. पूर्ण मात्रेशी तुलना या चाचणीत नव्हती. पण ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्या रुग्णासाठी ही तुलना तशीही कागदावरचीच.

आयआयटी मुंबई व टाटा रुग्णालयाने मिळून विकसित केलेल्या ‘नेक्सकार १९’ या रक्ताच्या कर्करोगावरील पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्याची चर्चा वृत्तपत्रांत भरपूर झाली. परदेशातील किमतीच्या तुलनेत तो बराच स्वस्त असला, तरी लाखांच्या घरातच आहे.

द्रावणाच्या बोळ्याची मात्र तेवढी चर्चा झाली नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील व्यक्तींची तोंड, स्तन व गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यात या चाचणीचा समावेश आहे. असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयोगटातील अवघ्या १.९ टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी करून घेतल्याचे दिसले. स्तन व तोंडाच्या तपासणीचे प्रमाण तर एक टक्क्याच्याही आत होते.

वसईसारख्या शहरात ही तपासणी सुरू करायला नवी इमारत लागत नाही. नागरी आरोग्य केंद्रातील एक पडदा लावलेली खोली, प्रशिक्षित परिचारिका आणि स्त्रियांना घरून बोलावून आणणारी आशा सेविका एवढे पुरते. खरी अडचण त्यापुढे आहे. ज्या स्त्रीच्या तपासणीत दोष आढळेल, तिला पुढील निदानासाठी कोठे पाठवायचे, तिच्यासोबत कोण जाणार आणि ती गेली की नाही याची नोंद कोण ठेवणार, हे आधी ठरावे लागते. मुंबईतील प्रयोगात सेविका घरोघरी जात होत्या आणि टाटा रुग्णालय त्याच शहरात होते. तरीही पुढील निदानासाठी बोलावलेल्या दर पाच स्त्रियांपैकी एक आलीच नाही.