कुष्ठरोग, डेंड्रिटिक पेशी आणि प्रतिकार-सहिष्णुता : विदर्भाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सिहोरा ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, तो पूर्व विदर्भाचा प्रदेश कुष्ठरोगाच्या प्रादुर्भावासाठी दीर्घकाळ ओळखला गेला. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळील दत्तपूर येथे कुष्ठसेवेस प्रारंभ केला. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोरा येथे महारोगी सेवा समिती स्थापन केली. समाज मात्र रुग्णाला केवळ संसर्गाचे मूळ मानीत होता. निराधार रुग्णांना वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा याच धारणेवर उभा होता.

संशोधनाचा मागोवा :
१८७३ मध्ये नॉर्वेत हॅन्सन यांनी कुष्ठजंतू शोधला. परंतु जंतू एकच असता रोगाची रूपे भिन्न का, हा प्रश्न शिल्लक राहिला. १९६६ मध्ये रिडले व जॉपलिंग यांनी रुग्णाच्या प्रतिकारशक्तीच्या आधारे रोगाचे पाच गट मांडले. एका टोकाला प्रतिकार तीव्र व जंतू अत्यल्प. दुसऱ्या टोकाला टी-पेशी त्या जंतूपुरत्या निष्क्रिय व जंतू विपुल.

या भेदाचा एक दुवा डेंड्रिटिक पेशींत सापडतो. १८६८ मध्ये लँगरहान्स यांनी त्वचेतील अशा पेशी पाहिल्या, पण त्यांना चेतापेशी मानले. १९७३ मध्ये स्टाइनमन व कोह्न यांनी उंदराच्या प्लीहेतील पेशींना 'डेंड्रिटिक' हे नाव दिले. या पेशी प्रतिजन टी-पेशींपुढे मांडतात. धोक्याचा संकेत असल्यास प्रतिकार जागा होतो. नसल्यास टी-पेशी निष्क्रिय वा नियामक बनतात. स्वकीय ऊतींविषयीची सहिष्णुता अशीच टिकते आणि ती ढळल्यास स्वयंप्रतिकार विकार उद्भवतात. तीव्र प्रतिकाराच्या कुष्ठव्रणांत या पेशी अधिक, तर जंतुबहुल व्रणांत कमी आढळतात. स्टाइनमन यांना २०११ मध्ये, तर नियामक टी-पेशींवरील संशोधनास २०२५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

निष्कर्ष :
कुष्ठरोग हा स्वयंप्रतिकार विकार नव्हे. तथापि चेतातंतूंची हानी बव्हंशी शरीराच्याच प्रतिकारातून होते. म्हणूनच उपचारकाळातही प्रतिक्रिया उद्भवल्यास जंतुनाशकांसोबत स्टेरॉइड द्यावे लागते. बहुसंख्य लोकांत या जंतूविरुद्ध पुरेसा प्रतिकार असतो. त्यामुळे बहिष्काराला शास्त्रीय आधार उरत नाही. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ मध्ये वगळले गेले. विज्ञानाने जे आधी सांगितले, ते कायद्याने उशिरा स्वीकारले. लोकमानसाने ते स्वीकारणे अद्याप बाकी आहे.